आष्ट्याच्या मुलांची दोन गणिते

आष्ट्याच्या केंद्रावर परीक्षेला बसलेल्या मुलांना साताऱ्याच्या परीक्षा कचेरीने फसवले. चूक झाली असे मी म्हणत नाही. चूक आधी झाली होती, ती यंत्राची होती आणि यंत्राशी माझे भांडण नाही. चूक कळली, ती कुणाच्या मुळावर आली तेही कळले, आणि तरीही सगळ्यांचे पेपर एकाच मापाने तपासले. याला आमच्या धंद्यात फसवणूक म्हणतात. त्या मुलांत माझा धाकटा भाऊ होता.

माझा धंदा बैलांचा. आमच्याकडे बैल घेऊन विकणाऱ्याला हेडी म्हणतात आणि म्हणताना तोंड थोडे वाकडे करतात. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. शाळा सुटली आणि दुसऱ्याची जनावरे बाजारात नेण्यापासून सुरुवात केली. दोन वर्षांत स्वतःची जोडी उभी केली, चार वर्षांत लोक माझ्या शब्दावर जोडी न बघता घेऊ लागले. दुष्काळात माणदेशातली जनावरे मातीमोल झाली तेव्हा म्हसवडच्या बाजारात मी घेणाऱ्यांत होतो. ते काही मला भूषण वाटत नाही, पण लपवतही नाही. बैलाचे दात बघून वय सांगावे, चालीवरून खोड ओळखावी आणि समोरचा किती अडला आहे हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखावे, एवढीच माझी विद्या.

भावाची विद्या वेगळी होती. बाजारात माझ्याशेजारी उभा राहून तो तोंडी हिशेब असा करायचा की म्हातारे हेडी त्याला मुद्दाम अडचणीचे आकडे घालायचे आणि हरायचे. मला ते आवडत नव्हते. बाजारात कौतुक झालेले पोरगे बाजारातच राहते. त्याच्या हातात कासरा पडू द्यायचा नाही, हे मी ठरवले होते.

साताऱ्याकडे एक निवासी शाळा होती. सातवीनंतर परीक्षा घेऊन मोजकी मुले आठवीत घ्यायची; राहणे, जेवण, पुस्तके सगळे तिच्याकडे. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. परीक्षा घ्यायची ती एक वेगळी कचेरी. दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती, भाऊ सातवीत होता, आणि ती शाळा किंवा माझ्या मागे बाजार, या दोनच वाटा त्याच्यापुढे होत्या.

आता माझा भाग सांगतो, कारण तो नंतर सांगितला तर कुणी म्हणेल की लपवला.

आदल्या वर्षी आष्ट्याच्या केंद्रावर उघड कॉपी झाली होती. खिडक्यांशी माणसे उभी, आतून प्रश्न बाहेर, बाहेरून उत्तर आत. मी बघितले आणि डोके फिरले. पुढच्या वर्षी माझा भाऊ बसणार होता आणि त्याला कुणाच्या उत्तराची गरज नव्हती. असल्या गोंधळात नुकसान होणार ते त्याचेच. मी एकाकडून अर्ज लिहून घेतला. परीक्षेच्या वेळी खिडक्या बंद ठेवाव्यात, वर्गात पर्यवेक्षकासह कुणीही एक शब्द बोलू नये. घरोघर फिरून पालकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. काही जण देत नव्हते. त्यांच्या दारात मी बसून राहिलो.

अर्ज मंजूर झाला. केंद्रावर एक गुरुजी नेमले गेले, आख्ख्या तालुक्यात कडक म्हणून माहीत असलेले. परीक्षेच्या सकाळी त्यांनी फाटकाशी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमचा अर्ज वाचलाय. आज पाखरूसुद्धा बोलणार नाही."

रविवार होता. मुले आत गेली, खिडक्या लागल्या. मला बसवेना. शाळेभोवती चकरा मारत राहिलो. दुसरे पालक सावलीत पानतंबाखू काढून बसले होते. त्यातला एक म्हणाला, "आवं हेडी, बैल न्हाई आत, पोरगं हाय. बसा की."

"तुमचं बी पोरगं हाय आत."

"हाय की. पर माझ्या फिरण्यानं त्येला गणित येणार हाय व्हय?"

मी बसलो नाही. बंद खिडकीला कान लावून उभा राहिलो. आतून खरंच काही ऐकू येत नव्हते, आणि खोटे कशाला सांगू, मला ते ऐकून बरे वाटत होते.

भाऊ बाहेर आला तो कपाळाला आठी घालूनच.

"कसा गेला?"

"गेला. पर दादा, वीस लिटरची टाकी असती का?"

"आं?"

"गणितात हुती. मिनिटाला अडीच लिटर पाणी पडतं, आठ मिनिटांत टाकी भरती, तर टाकी केवढी? वीस लिटर येतंय. वीस लिटर म्हंजे दीड घागर. दीड घागरीला कोन टाकी बांधंल?"

"मंग इचारायचं न्हाईस?"

"हात वर केला हुता. गुरुजी म्हनले, छापलंय त्येच सोडव, तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. मंग वीस लिहून टाकलं."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बराबर केलं गुरुजींनी. शिस्त म्हंजे शिस्त." ही थाप मला आजही हाताला जाणवते.

यादी लागली ती सांगलीच्या शिक्षण कचेरीत. मी ती तीनदा वाचली, खालून वर, वरून खाली. भावाचा नंबर नव्हता. आष्ट्याच्या केंद्राचा एकही नंबर नव्हता. आदल्या वर्षी आमच्याकडची चार मुले लागली होती. लोक म्हणाले, कॉपी बंद झाली, पितळ उघडे पडले. मला सगळ्यांसमोर म्हणाले. 

याचे उत्तर मिळाले ते पेंडेच्या दुकानात. सांगलीत एका व्यापाऱ्याकडून मी जनावरांना पेंड न्यायचो. महिनाभराने गेलो तर त्याने पेढ्याचा पुडा पुढे केला. त्याचा मुलगा त्याच परीक्षेत लागला होता. मुलगा पोत्यांवर बसून पाय हलवत होता. मी पेढा घेतला आणि नुसते विचारायचे म्हणून विचारले, "गणित अवघड होतं म्हणे?"

"अवघड नव्हतं. दोन ठिकाणी छापायचं चुकलं होतं फक्त. सरांनी फळ्यावर बरोबर करून दिलं."

पेढा माझ्या हातातच राहिला. "काय चुकलं होतं?"

"दोनशे पाच पाहिजे तिथं अडीच दिसत होतं. टाकीच्या गणितात. आणि चर खणायच्या गणितात सहाशे चारच्या जागी सहा पूर्णांक चार दशांश. आमच्या सरांना शंका आली, त्यांनी साताऱ्याला फोन केला."

"गप की रं," व्यापारी म्हणाला, "पेढा खाऊ दे त्यांना."

मी विचारले, "प्रश्नपत्रिका हाय का घरात?"

होती. मुलाने तिच्यावर पेन्सिलने दोन्ही आकडे दुरुस्त केले होते, शेजारी लिहिले होते, "सरांनी सांगितले". टाइप केलेल्या आकड्यांच्या मध्ये दोन काळे ठिपके. बघणाऱ्याला ते दशांश चिन्हच वाटावेत.

कागद मागितला तसा व्यापारी हुशार झाला. "हेडी, माझ्या पोराची जागा जाईल."

"तुमच्या पोराचं नाव काढनार न्हाई. त्येचा काय गुन्हा न्हाई."

"तुम्ही काढणार नाही. कागद काढील. नंबर आहे ना वर त्याचा."

त्याचे बरोबर होते. आम्ही पोत्यांवर बसलो. तो नको म्हणत होता आणि उठतही नव्हता, म्हणजे देणार होता. शेवटी म्हणाला, "नंबराचा कोपरा फाडून देतो. आणि हे पान कुठून आलं ते तुम्ही कुणाला सांगायचं नाही. कबूल?"

"कबूल."

त्याने माझ्यासमोर कोपरा फाडला, चुरगाळला आणि खिशात घातला. आमच्या धंद्यात लिखापढी नसते. शब्द गेला की माणूस गेला. मी कबूल म्हटले होते.

त्या आठवड्यात मी नीट जेवलो नाही. भावाची आणि ही, अशा दोन प्रश्नपत्रिका एकमेकींवर ठेवून उजेडात धरायचो. दोन गणिते, प्रत्येकी चार गुण. भाऊ किती गुणांनी राहिला ते मला तेव्हा माहीत नव्हते, पण माझ्या डोक्यात तो त्या आठ गुणांच्या आतच राहिला होता. त्याला काही सांगितले नाही. तो तेव्हा गोठ्यात शेण काढत होता, न सांगता, आपणहून, जसे काही ठरूनच गेले होते.

आष्ट्याहून एसटीने पेठ, पेठेहून कऱ्हाड, कऱ्हाडहून सातारा. कचेरी एका वाड्याच्या माडीवर होती. आधी भेटला तो टाइप करणारा कारकून. निवृत्त फौजी असावा, मिशी तशी होती आणि कागद हातात घ्यायची पद्धतही. मी दोन्ही कागद त्याच्या मेजावर ठेवले. त्याने एकदाच बघितले.

"शून्याचं पोट गळालंय," तो म्हणाला.

"म्हंजे?"

त्याने मेजाखालून जुनी मेणाची स्टेन्सिल काढून दाखवली. टाइपची खूण मेण कापते, कापल्या जागेतून शाई झिरपते आणि कागदावर अक्षर उमटते. शून्य म्हणजे गोल काप. काप जोरात बसला की मधले पोट सुटे होते. पहिल्या प्रतींना ते चिकटून राहते, मग यंत्राच्या फिरण्याने कधीतरी निघून पडते. तिथून पुढच्या सगळ्या प्रतींत शून्याच्या जागी शाईचा भरीव ठिपका.

"पहिल्या प्रती मी तपासल्या होत्या," तो म्हणाला. "चोख होत्या."

"त्या कुठं गेल्या?"

"पहिला गठ्ठा साताऱ्याचा. मग सांगली. मग आष्टा."

"आन सांगलीचा फोन आला तवा?"

त्याने दाराकडे बघितले. "फोन साहेबांनी घेतला. मला म्हणाले, आष्ट्याला लावा. शाळेत फोन नव्हता. नगरपालिकेत लावला. रविवार. वाजत राहिला, कुणी उचलला नाही."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"त्याच दिवशी?"

"त्याच तासाला." मग हळू म्हणाला, "मी असं काही बोललो नाही, बरं का."

पोट गळाले, ठीक. फोन लागला नाही, ठीक. पण मुले पेपर लिहीत असतानाच त्यांना माहीत होते की साताऱ्याला चोख कागद, सांगलीला फळा आणि आष्ट्याला काही नाही. त्यानंतर महिनाभर पेपर तपासले. त्या महिन्यात ही दोन गणिते सोडून द्यावीत एवढे कुणाला सुचले नाही, किंवा सुचले आणि नको झाले.

साहेब वयाने लहान होते, चेहरा शांत. कागद बघून म्हणाले, "प्रश्नपत्रिका सर्वांना सारखीच होती."

"सारखी न्हवती. सांगलीत फळ्यावर लिवून दिलं."

"याला पुरावा?"

मी पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला, फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "हा कुणाचा कागद? नंबर कुठे आहे? हे तुम्हीही लिहिलं असेल पेन्सिलने."

"म्या न्हाई लिहिलं."

"मग कुणी?"

शब्द दिला होता. आयुष्यात सौद्यात इतका गप्प मी कधी बसलो नव्हतो. कारकुनाचे नावही घेता येत नव्हते. दोन साक्षीदार होते आणि दोघांनाही मीच झाकून ठेवले होते. मग माझा आवाज चढला. काय बोललो ते सगळे आठवत नाही. मेजावर हात आपटला तेव्हा शाईची दौत हलली, शिपाई आत आला आणि साहेबांनी त्याला हातानेच परत पाठवले.

आणि मग ते म्हणाले, "तुमचा भाऊ तीन गुणांनी राहिलाय."

मी न विचारता त्यांनी आकडा सांगितला. म्हणजे फाइल आधीच काढलेली होती. समोरचा किती अडला आहे हे मला तेव्हा दिसले.

"एक मुलगा येणार नाही असं कळवलंय," ते पुढे म्हणाले. "प्रतीक्षा यादी आहे. तुमच्या भावाचा विचार होऊ शकतो. बाकीच्या पालकांना घेऊन तुम्ही परत यायचं नाही, एवढंच."

सौदा होता. सरळ, उघडा, आणि चांगला. हो म्हणायचे आणि जिना उतरायचा, एवढेच काम होते. आता मी नाही का म्हणालो ते सांगतो, आणि त्यात मला मोठेपणा घ्यायचा नाही. त्या मुलांचा कळवळा होता, होताच. त्यांच्या बापांच्या दारात बसून मीच अंगठे घेतले होते, त्यांची तोंडे मीच बंद केली होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की समोरचा पहिला आकडा बोलला होता आणि पहिल्या आकड्याला हेडी कधी हो म्हणत नाही.

मी म्हणालो, "एकाचं काय घेऊन बसलाय सायेब? ती दोन गणितं सगळ्यांची सोडून द्या. सांगलीची बी, साताऱ्याची बी. उरलेल्यावर यादी लावा. त्यात माझा भाऊ ऱ्हायला तर परत तोंड दाखवनार न्हाई."

"यादी लागली आहे."

"मंग माझं बी न्हाई."

मी कागद उचलले, टोपी घातली आणि दाराकडे निघालो. हळू. बाजारात असेच निघतात. जोडीला पाठ करून दहा पावले टाकायची, आठव्या पावलाला मागून हाक येते, "आवं, या की माघारी, बसा." आठव्याला नाही आली तर उंबऱ्याशी वहाण घालताना येते. मी दारापर्यंत गेलो. वहाण सावकाश घातली. एका पायाची काढून झटकली आणि परत घातली. आत साहेबांनी पुढची फाइल ओढल्याचा आवाज आला.

जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबलो. खाली रस्त्यावर अर्धा तास उभा होतो, माडीच्या खिडकीतून दिसेन असा. कचेरीत माघारी बोलावायची पद्धत नसते, हे मला कुणी सांगितले नव्हते. तिथे समोरच्याला काही विकायचेच नसते. तुम्ही गेलात की त्याचे काम झाले.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. मान खाली घालून गेलो, कबूल म्हणायला. शिपायाने सांगितले, साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशीही दौऱ्यावर. चौथ्या दिवशी तोच कारकून जिन्यात भेटला आणि म्हणाला, "कशाला हेलपाटे घालता? जागा भरली." कुणाला दिली, विचारले. त्याने मान हलवली. त्याला माहीत नव्हते की सांगायचे नव्हते, मला आजही कळलेले नाही.

नंतर मी दोन रजिस्टर पत्रे पाठवली. पोचपावत्या आल्या. उत्तर आले नाही. बाकीच्या पालकांना सगळे सांगितले, पुन्हा सह्या मागितल्या, तर ते हसले. एक जण म्हणाला, "मागल्या सहीनं पोरांची तोंडं बंद केली. आता हिनं काय करायचं गड्या?"

भाऊ आष्ट्यातच मॅट्रिक झाला. मध्ये दोन वर्षे सुट्टीत माझ्याबरोबर बाजार केला, जोड्या धरल्या, म्हसवडच्या थंडीत घोंगडे पांघरून बैलांत झोपला. मग साताऱ्यात एका कारखान्यात स्टोअरला लागला. बरे चालले आहे, त्याची तक्रार नाही. लोक मला म्हणतात, त्याची नाही तर तुमची कशाला?

साहेबांनी एकट्याची जागा देऊ केली होती, हे त्याला मी बारा वर्षे सांगितले नव्हते. एकदा त्याच्या खोलीवर गेलो होतो, तिथे सांगितले. तो स्टोव्हला पिन मारत होता. मारत राहिला.

"म्हंजे तू व्हय म्हनला असतास तर मी गेलो असतो."

"गेला असतास."

"आन बाकीची?"

"ती ऱ्हायली असती."

"ती तशी बी ऱ्हायलीच की, दादा."

त्याने स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला आणि साखर किती घालू विचारले. तेवढ्यावरच विषय संपला, त्याचा. मला त्या रात्री झोप आली नाही आणि पुढेही पुष्कळ रात्री आली नाही.

तो म्हणाला ते बरोबर आहे आणि त्याचे उत्तर मी देतो. खिडक्या मी बंद करवल्या. कोपरा माझ्यासमोर फाडला, मी फाडू दिला. दारातून मागे फिरायला हवे होते, मी फिरलो नाही. माझ्या नावावरचे एवढे आहे. मी ते माझ्या भावासमोर बोललो आणि आता इथे लिहून देतो. गुरुजींकडे बोट दाखवणार नाही, त्यांनी अर्जाप्रमाणे केले. कारकुनाने फोन लावला, फोन वाजत राहिला, कारकून सुटला.

उरले ते साहेब. ते आज निवृत्त झाले असतील, साताऱ्यातच कुठे राहत असतील, सकाळी फिरायला जात असतील. साहेब, आष्ट्याला फोन लागला नाही हे तुम्हाला त्याच तासाला सांगितले होते. त्यानंतर पेपर तपासायला बसलात तेव्हा त्या गठ्ठ्यात वीस लिटरची टाकी किती वेळा आली असेल. एकाही मुलाने दुसरे उत्तर लिहिलेले नव्हते. एका केंद्राची सगळी मुले एकच चूक करतात तेव्हा ती चूक मुलांची नसते, हे बैल विकणाऱ्यालाही कळते. तुम्ही लाल रेघ मारलीत, दोनदा, प्रत्येक कागदावर. ती कशी मारली ते सांगा. मला नका सांगू. त्या वर्षी त्या बंद खोलीत बसलेली मुले आता चाळिशीपन्नाशीची आहेत, आष्ट्यात सापडतील. त्यांना जाऊन सांगा.